पॅडलवरचा पाय

१

"उलटं फिरव, मास्तर! डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, किती वेळा सांगू?"

तोवर मी पान्यावर सगळं वजन टाकलं होतं. कट्ट असा आवाज झाला आणि नटासकट स्टडचा तुकडा माझ्या बुटापाशी येऊन पडला.

"तिसरा," बातिना एजे म्हणाली. "एका चाकाला पाच असतात. दोन उरलेत. तेही मोडून टाक, म्हणजे नवे बसवताना मोजायला नको."

बातिना माझी थोरली बहीण. थोरल्या बहिणीला आमच्याकडे एजे म्हणतात. काराकोलच्या बस डेपोत ती एकतीस वर्षं मेकॅनिक होती. खड्ड्यात उतरून, बसच्या पोटाखाली. मी आठ वर्षांचा असताना आम्ही पोरके झालो. ती तेव्हा एकवीसची होती. तिच्या पगारावर मी शहरात जाऊन शिकलो आणि शाळेत पदार्थविज्ञान शिकवायला लागलो. तिला दोन स्थळं आली होती. दोघांनीही विचारलं, भावाचं काय करणार? दोघांनाही तिनं चहा पाजून परत पाठवलं. या सगळ्याबद्दल मी तिच्याशी कधी एक शब्द बोललो नाही. आमच्या घरात असलं बोलत नाहीत, असं मी स्वतःला सांगत आलो होतो.

तिला काचबिंदू झाला. उजवा डोळा दोन वर्षांपूर्वी गेला. डाव्यातून तिला नळीतून पाहिल्यासारखं थोडंसं दिसायचं. जूनमध्ये मी तिला राजधानीला, बिश्केकच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. नस सुकली आहे, म्हणाले, ऑपरेशनचा उपयोग नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हाही जाईल.

मी बाहेर आलो. एजे बाकावर बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन.

"काय म्हणाले?"

"वसंतात ऑपरेशन करू म्हणाले."

"बरं," ती म्हणाली. "मग तोवर एक वोल्गा उभी करू. जन्मभर सरकारच्या बस दुरुस्त केल्या. एक तरी गाडी आपली."

ती गाडी आम्हाला आक-सू गावात मिळाली. सफरचंदाच्या झाडाखाली अकरा वर्षं उभी होती. आधी ती कुणाची होती, तिचं काय झालं होतं, हे मी नंतर खोदून खोदून विचारलं. सांगण्यासारखं काहीच निघालं नाही.

२

आमचं गॅरेज डेपोच्या मागं आहे. विटांच्या गॅरेजांची लांब रांग, लोखंडी दारं, टोकाला एक नळ. दर रविवारी सकाळी आम्ही तिथं जायचो आणि चारला परतायचो.

चाकांचं काम सप्टेंबरात सुरू झालं. चाकाच्या मधला हब काढून टेबलावर आणला. मी हातोड्यानं जुने स्टड बाहेर ठोकले. नवे बसवायला शेजारच्या मत्वेइकडचा दाबायचा प्रेस घेतला. एजेनं बेअरिंग रॉकेलमध्ये धुतली, तळहातावर ग्रीस घेऊन एकेका रोलरमध्ये दाबून भरलं. हे सगळं ती न बघता करायची. नव्या स्टडच्या आट्यांवरून अंगठा फिरवायची आणि सांगायची, "हा तिरका बसलाय." मी पट्टी लावून बघायचो. तिरका असायचा.

हब लागले, ड्रम लागले, ब्रेकच्या नव्या नळ्या लागल्या. मग ब्रेकमधली हवा काढायची वेळ आली.

या कामाला दोन माणसं लागतात. एक जण गाडीत बसून पॅडल मारतो. दुसरा चाकाच्या मागे, हवा सोडायच्या निपलला पाना लावून, रबरी नळी बाटलीत सोडून बसतो. एकमेकांचं तोंड दिसत नाही. सगळं काम आवाजावर.

"मार, मार, मार. धर!" एजे खालून ओरडायची.

"धरलं!" मी आतून.

मग ती निपल उघडायची. बाटलीत बुडबुडे यायचे आणि माझ्या पायाखालचं पॅडल खाली जायचं. ती निपल बंद करायची. "सोड!"

"सोडलं!"

असं एका चाकाला वीस-पंचवीस वेळा. त्या रविवारी तीन चाकं झाली आणि मी म्हटलं, "थांब जरा, पाणी आणतो. चहा ठेवू." नळावर मत्वेइ भेटला. त्याच्या गुडघ्याची कथा ऐकण्यात पाव तास गेला. किटली घेऊन परत आलो तर एजे चिंधीला हात पुसत होती.

"झालं," ती म्हणाली. "डावं पुढचंही झालं. आज पाय बरा चालला तुझा."

"मी पाण्याला गेलो होतो."

"गेलास आणि आलास. गाडीचं दार वाजलं. मी म्हटलं धर, तू म्हणालास धरलं."

"एजे, मी आत्ता येतोय. ही बघ किटली. हात लाव, गार आहे."

तिनं किटलीला हात लावला. मग चेहरा माझ्याकडे करून म्हणाली, "मग ही बाटली कुणी भरली?"

मी गेलो तेव्हा बाटलीत चार बोटं ब्रेकचं तेल होतं. आता गळ्यापर्यंत होतं. वर अजून बुडबुडे फुटत होते.

३

मी सोमवारी शाळेच्या प्रयोगशाळेत बसून कागदावर हिशोब मांडला. तेल उंचावरच्या टाकीतून खालच्या चाकाकडे आपोआप उतरतं. निपल उघडं राहिलं तर बाटली भरू शकते. एजेनं हाक मारली असेल आणि शेजारच्या गॅरेजातून कुणीतरी दुसऱ्याच कुणाला उत्तर दिलं असेल. कान आपल्याला हवं ते ऐकतो.

दुपारी एकटाच गॅरेजात गेलो. नळी लावली, निपल उघडलं, घड्याळ बघत तासभर बसलो. बाटलीत जेमतेम बोटभर तेल जमलं. बुडबुडा एकही नाही.

मग आणखी एक गोष्ट ध्यानात आली. हवा काढताना टाकीत सारखं तेल ओतावं लागतं, नाहीतर ती रिकामी होऊन पुन्हा हवा ओढते. मी ती शेवटची भरली होती तिसऱ्या चाकाआधी. आता झाकण उघडून पाहिलं तर बोटभर तेल उतरूनही टाकी जवळजवळ काठोकाठ भरलेली. एजेला टाकीची खूण दिसत नाही, म्हणून ती कधी ओतत नाही. ओतायचं काम माझं.

मी झाकण घट्ट लावलं. घरी जाताना लक्षात आलं, आपण गाडीत वाकून बघायचं टाळलं.

४

पुढच्या रविवारी एजे म्हणाली पॅडल अजून मऊ लागतंय. ब्रेकचे लायनर काढून पुन्हा बसवायला हवेत, पुन्हा हवा काढायला हवी. मी म्हटलं घाई काय आहे.

"घाई आहे," ती एवढंच म्हणाली.

गुरुवारी बाजारात मत्वेइ भेटला. आश्ल्यानफूचा, गार आंबट शेवयांचा, वाडगा तोंडाला लावून उभा होता.

"काय रे इसेन, फार मोठा झालास का? काल हात केला तर बघितलंही नाहीस."

"काल? कुठं?"

"गॅरेजात. स्टेअरिंग धरून बसला होतास. मी दारासमोरून गेलो."

बुधवारी मला सहा तास असतात. सहाच्या सहा मी घेतले होते.

"एकटाच होतो?" मी विचारलं. आपण हे का विचारतोय, हे मला कळलं नाही.

"एजे होती की चाकापाशी. हसत होती. एकतीस वर्षं मी तिच्याबरोबर डेपोत काढली, इतकी हसताना कधी पाहिली नाही. काय सांगत होतास तिला?"

घरापासून गॅरेजपर्यंत डेपोची भिंत आहे. भिंतीला हात लावत एजे एकटी जाऊ शकते. ती जाते, हे मला माहीत नव्हतं.

५

त्या पुढच्या बुधवारी मी शेवटचे दोन तास दुसऱ्या शिक्षकाला दिले आणि दीड वाजता गॅरेजपाशी पोचलो. स्वच्छ ऊन होतं. एक दार उघडं होतं. मी दाराच्या कडेला, खडीवर पाय न वाजवता उभा राहिलो.

एजे डाव्या पुढच्या चाकामागं बसली होती. मला तिची पाठ आणि डोक्याचा रुमाल दिसत होता.

"मार, मार, मार. धर!"

"धरलं."

तो माझा आवाज होता. आपला आवाज टेपवर ऐकला की परका वाटतो, हे सगळ्यांना माहीत आहे. हा तसा नव्हता. बोलताना माझा आवाज मला आतून जसा ऐकू येतो, अगदी तसा तो होता.

"सोड!"

"सोडलं. एजे, गुडघा दुखतोय का? खाली पोतं घे."

"घेतलंय रे."

"हात गार पडले असतील. थांब थोडी. मला घाई नाही."

एजे हसली. मी तिथं उभा होतो आणि माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती भीतीची नव्हती. मनात आलं, इतक्या रविवारांत आपण तिला गुडघ्याचं एकदाही विचारलं नाही.

पुढच्या काचेत दारातलं आकाश पडलं होतं, त्यामुळं आतलं दिसत नव्हतं. बाजूच्या काचेतून एक खांदा दिसला. राखाडी कोट, कोपराला चामड्याचं ठिगळ. मी स्वतःच्या कोपराकडे पाहिलं. तो कोट माझ्या अंगावर होता.

गाडी डावीकडे किंचित कलली. आत बसलेलं माणूस सीटवर सरकलं की कलते तशी.

मी एक पाऊल टाकलं. खडी वाजली.

"इसेन?" एजेनं माझ्याकडे तोंड वळवलं. मग गाडीकडे वळवलं. मग परत माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावरचं हसू अजून गेलेलं नव्हतं, फक्त ते कुणाला द्यावं हे तिला कळत नव्हतं.

मी गाडीचं दार उघडलं. आत कुणी नव्हतं. खाली पॅडल सावकाश वर येत होतं. वर आलं आणि थांबलं.

६

"गाडी विकून टाकू," संध्याकाळी चहा पिताना मी म्हटलं.

"का?"

"तिथं कुणीतरी असतं, एजे."

"तू असतोस."

"बुधवारी मी शाळेत असतो."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला, लोण्यात बुडवला आणि तसाच हातात धरून बसली. "तुझा आवाज मी तू चार दिवसांचा होतास तेव्हापासून ऐकतेय," ती म्हणाली. "मला फसवणं सोपं नाही."

"मग?"

"मग काय? तुझ्यापेक्षा बरा पाय मारतो. विचारपूसही करतो." ती हसली, पण माझ्याकडे तोंड न करता. "मला भीती नाही वाटत, मास्तर. तुला वाटते?"

"हो."

"कशाची?"

तो वाईट असेल याची मला भीती वाटत नव्हती. तो चांगला होता, याची वाटत होती.

"एकदा संताशच्या घाटावर ने मला," ती म्हणाली. "वर जाऊ, खाली येऊ. घाट उतरताना ब्रेक कसे लागतात ते पायाला कळायला हवं. म्हणजे तुझ्या पायाला. मग विक, नाहीतर जाळ, काय हवं ते कर."

७

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी आम्ही निघालो. एजेनं निळा रुमाल बांधला होता, डब्यात बोर्सोक, कणकेचे फुगलेले तुकडे, तळून घेतले होते. ती माझ्या शेजारी बसून गाडीचे आवाज ऐकत होती. "दुसरा गिअर लवकर टाक. अस्सं. उजवं मागचं चाक थोडं गातंय, चालून मोकळं होईल."

वर जाताना मी दर थोड्या वेळानं आरशात पाहत होतो. मागची सीट रिकामी होती. शेजारी माझी बहीण सुखात होती, आणि तास-दीड तासात मी आरशाकडे बघायचं विसरलो.

उतरताना तिसऱ्या वळणावर समोर मेंढ्या आल्या. वळणापलीकडून एकदम, सगळा रस्ता भरून, मागं घोड्यावर मेंढपाळ. एका बाजूला डोंगर, दुसरीकडे काही नाही. मला दिसलं ते इतकंच. मी पाय उचलला आणि ब्रेककडे नेला.

माझा पाय पोचायच्या आधी पॅडल खाली गेलं.

गाडी सरळ रेषेत, न डगमगता, पहिल्या मेंढीपासून हातभर अंतरावर थांबली. माझा बूट पॅडलच्या वर हवेत होता.

"व्वा!" एजेनं टाळी वाजवली. "चारही चाकं एकदम! कळलं का तुला? जरासुद्धा ओढली नाही कुठं!"

मेंढ्या दोन्ही बाजूंनी गाडीला घासत निघून गेल्या. मेंढपाळानं वाकून शिवी दिली, मग वोल्गा बघून चाबूक कपाळाला लावला. मी पायाखाली बघितलं. माणसाला धक्का बसला की त्याला क्रम आठवत नाही, पाय आधी पडतो आणि मेंदूला नंतर कळतं. मुलांना मी हे शिकवलेलं आहे. मी ते मनातल्या मनात दोनदा म्हटलं.

वळणापुढं रुंद जागा होती. तिथं गाडी लावली.

"हब तापलेत का बघ," एजे म्हणाली. "आणि नट आवळून घे. डावीकडचे उलटे, मास्तर."

८

मी चारही हबना हात लावला. गरम होते, पण हात ठेवता येत होता. नट आवळले. मग गाडीच्या मागं जाऊन दगडावर बसलो. वारा पडलेला होता. एजेच्या बाजूची काच थोडी उघडी होती.

"एजे," गाडीतून मी म्हणालो. "एक सांगायचं राहिलंय."

"सांग."

"जूनमध्ये डॉक्टर ऑपरेशन नाही म्हणाले. उपयोग नाही म्हणाले. मी बाहेर आलो आणि तू बाकावर बसली होतीस, पिशवी धरून, शाळेच्या पहिल्या दिवशी पोरं बसतात तशी. मला धीर झाला नाही. मी खोटं बोललो."

मी दगडावरून उठलो होतो. बाकाचं आणि पिशवीचं मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. शाळेतल्या पोरांसारखी, हे तर मला स्वतःलाही आत्ता कळत होतं.

"किती दिवस?" एजेनं विचारलं.

"उन्हाळ्यापर्यंत."

मागच्या काचेवर धूळ होती, तरी दिसत होतं. डावीकडे स्टेअरिंगवर एक डोकं होतं, उजवीकडे निळा रुमाल. त्या डोक्याला माथ्यावर नाण्याएवढं टक्कल होतं. माझ्या माथ्यावर टक्कल पडतंय, असं न्हावी मला दोन वर्षं सांगतोय. मी ते कधी पाहिलं नव्हतं. माणसाला स्वतःचा माथा दिसत नाही.

रुमालाखालून एजेचा हात वर आला आणि त्या डोक्यावरून फिरला. लहानपणी मला ताप आला की फिरायचा तसा, पुढून मागं, दोनदा.

मग मला भीती वाटायची थांबली. दुसरंच काहीतरी वाटलं, आठ वर्षांच्या पोराला वाटावं तसं. ती माझी जागा होती. मी धावत जाऊन दार उघडलं.

सीट रिकामी होती. एजेचा हात अजून हवेत होता. तिनं तो सावकाश खाली आणून मांडीवर ठेवला.

"बस," ती म्हणाली.

मी बसलो.

"हे त्यानं सांगितलं. आता तू सांग."

मी सांगायला लागलो. मला त्याच्यासारखं जमलं नाही. डॉक्टरांचं सांगताना मधेच शहरातल्या वसतिगृहाचं आलं, तिनं दर महिन्याला बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवलेल्या पिठाच्या पिशवीचं आलं, चहा पिऊन परत गेलेल्या त्या दोन माणसांचं आलं. त्यातल्या एकाचं नावही मला आठवलं आणि मी ते बोलून गेलो. तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं, उजव्यातूनही. डोळा गेला तरी पाणी येतं, हे मला माहीत नव्हतं.

शेवटी मी कोटाच्या बाहीनं डोळे पुसले.

"बास आता, रडू नको," ती म्हणाली. "घाट उतरायचाय. आपल्या दोघांत एकाला तरी दिसायला हवं."

९

ऑपरेशनचं पुन्हा निघालं नाही. पुढच्या जूनमध्ये तिचा डावा डोळाही मिटला. त्या दिवशी तिनं मला हाक मारून सांगितलं, "गेलं बघ," आणि उरलेला चहा पिऊन टाकला.

गाडी विकली नाही. तिनं म्हटलं असतं तर मी विकली असती. तिनं म्हटलं नाही आणि मीही विषय काढला नाही. आता मी तिला गुडघ्याचं विचारतो, रात्री झोप लागली का विचारतो, हातमोजे शेगडीजवळ गरम करून देतो. रविवारी आम्ही दोघं सरोवरापर्यंत फिरून येतो. गाडी मी चालवतो, ब्रेकही मीच लावतो, निदान मला तसं वाटतं.

बुधवारी मात्र ती एकटी गॅरेजात जाते, भिंतीला हात लावत. जुन्या गाडीला काही ना काही काम असतंच. शाळा सुटली की मी तिला आणायला जातो. बहुतेक वेळा आतून दोघांच्या हसण्याचा आवाज येत असतो. मी मधे जात नाही. हसणं थांबेपर्यंत बाहेर उन्हात उभा राहतो, मग लोखंडी दार वाजवतो.

"ये रे, उघडंच आहे," असं आतून उत्तर येतं. कधी तिच्या आवाजात, कधी माझ्या.